तळघराची ओल काढून कामाची खोली केली, त्याचा सगळा अनुभव

बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं आमचं घर आहे, मामंजींनी १९८७ साली बांधलेलं. प्लॉट उताराचा. रस्त्यावरून बघितलं तर घर बैठं वाटतं, पण मागच्या परड्यात उतरलं की खाली अजून एक खोली, साधारण २२ बाय १३ ची. समोरची भिंत पूर्ण मातीत, एका बाजूची निम्मी मातीत आणि परड्याकडची जवळजवळ उघडी. तिथं इतकी वर्षं जळण, मोडक्या खाटा, तांदळाचे डबे, जादाचा गॅस सिलिंडर असलं सगळं पडलेलं असायचं आणि पावसाळ्यात खाली गेलं की नाकाला कुबट वास यायचा. मी घरी शिवणकाम करते. मशीन, कटिंगचं टेबल, गिऱ्हाइकांच्या पिशव्या सगळं हॉलमध्ये, लेकीचा अकरावीचा अभ्यास पण तिथंच, आणि पाहुणे आले की सगळं गोळा करून कॉटखाली ढकलायचं. त्यामुळं खालची खोली वापरात आणायची हे डोक्यात बरीच वर्षं होतं, पण कुणाला विचारलं की "बेळगावात तळघर? सोडून द्या" एवढंच ऐकायला मिळायचं. आता काम पूर्ण होऊन एक अख्खा पावसाळा गेलाय म्हणून सविस्तर लिहिते. कुणाचं उताराचं घर असेल तर उपयोग होईल.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही ठरवलं की यंदा एक रुपया घालायचा नाही, नुसतं बघायचं. हे सुचवलं आमच्या ओळखीच्या गवंडीमामांनी, ते खानापूरकडचे, चिऱ्याच्या कामात हयात गेलेली. ते भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, आतनं कितीबी रंग मारा, पाणी मागनं येतंय. आधी ते कुठनं येतंय ते बघा, मग मला बोलवा." मग मी पेन्सिलनं भिंतीवर ओल कुठवर चढली त्याच्या रेघा मारायला लागले, प्रत्येक रेघेजवळ तारीख. जूनच्या शेवटी रेघ घोट्याएवढी, जुलैच्या मध्यावर गुडघ्याच्या वर, ऑगस्टात थोडी खाली. समोरच्या डाव्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त, आणि त्याच कोपऱ्याच्या बरोबर वर बाहेर स्लॅबचं पावसाचं पाणी पाइपातून भिंतीच्या बुडाशी पडत होतं. एप्रिलमध्ये कडक उन्हाळ्यात तो कोपरा कोरडा असतो हे आम्हाला माहीत होतं, म्हणजे नळाची लाइन किंवा ड्रेनेज गळत नव्हतं, पावसाचंच पाणी होतं. तुमच्याकडं उन्हाळ्यातसुद्धा ओल असेल तर आधी मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून बघा, बाकीच्या खर्चाच्या आधी प्लंबर लागेल.

दुसरी एक टेस्ट इंजिनिअरनी सांगितली, ती फार कामाची. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल हातभर घ्यायचा, भिंतीचा तेवढा भाग फडक्यानं पुसून कोरडा करायचा आणि फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करायचा. दोन दिवस ठेवायचा. फॉइलच्या मागं, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून पाझरतंय. पुढच्या, खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतलं पाणी गार भिंतीवर साचतंय. मी समोरच्या भिंतीला एक आणि परड्याकडच्या भिंतीला एक असे लावले. समोरचा काढला तर मागं पाण्याचे थेंब अक्षरशः ओघळत होते. परड्याकडचा मागून कोरडा आणि पुढून ओला. म्हणजे आम्हाला दोन्ही दुखणी होती, आणि दोन्हीचा इलाज वेगळा. हे जर कळलं नसतं तर आतून वॉटरप्रूफ रंग मारून मोकळं व्हायचा मोह झालाच असता, कारण एका दुकानदारानं तेच कोटेशन दिलं होतं, ४० हजारात सगळं कोरडं करून देतो म्हणून.

बेळगावच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी किती वर येतं हे विहिरी बघितल्या की कळतं. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, जिथं गांधीजी अध्यक्ष होते, खणलेली काँग्रेस विहीर आमच्या टिळकवाडीतच आहे. आसपासच्या जुन्या घरांतल्या आडांचं पाणीपण जुलै-ऑगस्टात हाताला लागेल इतकं वर येतं. आणि आपल्याकडच्या घरांना चिरा, चिरा म्हणजे सच्छिद्र दगड, तो पाणी खालून वर ओढतो. म्हणून जमिनीखालच्या भिंतीला बाहेरून अडवणं आणि पाण्याला जायला वाट देणं, हे दोन्ही पाहिजे. नुसतं अडवलं तर ते दुसरीकडून शिरतं.

दिवाळीनंतर कागदपत्रांना लागलो. लायसन्स असलेले इंजिनिअर धरले, त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की तळघर हे झोपायच्या खोलीसाठी मंजूर होत नाही, सामान ठेवायला, पार्किंगला, मशिनरीला असं धरतात, आणि नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणं तळघराची उंची आतून कमीत कमी २.५ मीटर पाहिजे, हवा-उजेडाची सोय पाहिजे. आमच्या खोलीची उंची टेप लावून बघितली तर २.३८ मीटर. माझं मन जरा खट्टूच झालं, कारण पाहुण्यांना झोपायला खोली होईल असं मी धरून चालले होते. पण इंजिनिअर म्हणाले, "ताई, रात्री झोपेत काही झालं, धूर झाला, पाणी भरलं तर वर यायला एकच जिना, म्हणून तो नियम आहे." ते पटलं. मग स्टोअर आणि वर्करूम असा प्लॅन केला, झोपायचं सगळं वरच. परड्याकडं नवीन दार काढायचं, म्हणजे बाहेर पडायला दुसरी वाट पण होते.

लागलेले कागद असे: खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, खाता उतारा (महापालिकेच्या घरपट्टी नोंदीचा), चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, ईसी (मालमत्तेवर आधी झालेल्या व्यवहारांचा दाखला), लाइट बिल, आधार, घराचे चारी बाजूंनी फोटो आणि जुना मंजूर प्लॅन. ईसी कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाइन मिळतो, व्यवहार असतील तर फॉर्म १५ आणि नसतील तर फॉर्म १६ येतो. जुना प्लॅन मात्र मामंजींच्या ट्रंकेत निघाला, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, पण शिक्का वाचता येत होता. तो नसता तर किती महिने गेले असते देव जाणे. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसून ट्रंका आत्ताच उघडून घ्या आणि सगळं स्कॅन करून ठेवा.

फॉर्म सगळे कन्नडमध्ये. मी मराठी मीडियमची, कन्नड बोलते ठीक पण अर्ज लिहिण्याइतकं नाही. शेजारच्या अक्कांच्या मुलीनं बसून भरून दिलं, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगत, आणि मी माझ्या वहीत मराठीत लिहून ठेवलं. नावाच्या स्पेलिंगकडं लक्ष ठेवा. आमच्या आडनावात उताऱ्यावर एक, खरेदीखतावर दुसरं असं होतं, त्यासाठी अॅफिडेव्हिट करावं लागलं. नंतर डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, सगळा स्टाफ तिकडच्या गडबडीत, मग साहेब रजेवर, मग फाइल दुसऱ्या टेबलावर. "नाळे बर्री", म्हणजे उद्या या, किती वेळा ऐकलं. एका ठिकाणी थेट सांगितलं गेलं की कुणाला तरी मध्ये घाला म्हणजे काम पटकन होईल. आम्ही घातलं नाही, वेळ लागला तर लागू दे म्हटलं. प्रत्येक वेळी पोच घेतली, इनवर्ड नंबर वहीत लिहिला, आणि पुढच्या वेळी तोच नंबर सांगून विचारलं. त्याचा खरंच फरक पडतो, नुसतं "माझं काम कुठवर आलं" विचारलं की कुणी मान वर करत नाही. मंजुरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात हातात आली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि निम्मं ऑफिस इलेक्शन ड्युटीला, ७ मे ला मतदान, म्हणजे थोडं जरी लांबलं असतं तर तो उन्हाळाच गेला असता.

बाहेरचं काम मार्चमध्येच सुरू केलं. वळवाच्या आधी चर बुजलाच पाहिजे हा गवंडीमामांचा हट्ट होता आणि तो बरोबर होता. समोर आणि बाजूला भिंतीला लागून साडेसात फूट खोल चर, जेसीबी आत जायला जागा नाही, सगळं हातानं. मला या कामाची सगळ्यात जास्त भीती वाटली. वर आम्ही राहतोय आणि खाली घराचा पाया उघडा पाडलाय, रात्री झोप येत नव्हती. पण एकदम सगळा चर त्यांनी कधीच उघडला नाही. सहा-सात फुटांचा तुकडा खणायचा, दोन्ही बाजूंना फळ्या-बल्ल्यांचा आधार द्यायचा, भिंतीचं काम करायचं, बुजवायचं, मग पुढचा तुकडा. तुम्हाला कुणी म्हणालं की एका दिवसात सगळं खणून देतो तर अजिबात ऐकू नका, माती ढासळून माणसं दबतात. मामंजी ८१ वर्षांचे, रोज सकाळी खुर्ची टाकून बसायचे. पाया किती खोल आहे हे त्यांना पाठ होतं, आतल्या जमिनीपासून तीन फूट, आणि खणून बघितलं तर खरंच तेवढाच निघाला. गवंडीमामांनी "मामंजी, बरोबर" म्हटल्यावर मामंजींचा चेहरा असा काही फुलला की बस्स.

चर उघडला की भिंत तारेच्या ब्रशनं घासली, चिऱ्यांचे सांधे भरले, वॉटरप्रूफिंगचं केमिकल घातलेलं प्लास्टर, ते सुकल्यावर वर मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा थर, आणि मेम्ब्रेनला खडीचा टोचा लागू नये म्हणून शीट. चराच्या तळाला चार इंची पीव्हीसी पाइप, भोकं पाडलेला, भोकं खालच्या बाजूला करून ठेवायचा. वर केली की पाइपात आधी गाळच जातो. पाइपाच्या भोवती धुतलेली खडी आणि सगळ्याला बाहेरून जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड गुंडाळलेलं. उतार दर शंभर फुटांना एक फूट. आमचा प्लॉट मागं उतरतो म्हणून पाइपाचं तोंड परड्यात थेट बाहेर काढता आलं, पंप लागला नाही, हे आमचं नशीब. सपाट प्लॉट असेल तर खड्डा करून पंप बसवावा लागतो आणि पाऊस जोरात तेव्हाच लाइट जाते, त्याचा विचार आधी करा. स्लॅबचे पाणी उतरायचे पाइप पण वेगळे लांब नेऊन सोडले. एवढ्या सगळ्याला १ लाख ३८ हजार गेले, पूर्ण कामातला सगळ्यात मोठा खर्च, आणि आता जमिनीच्या वरून बघितलं तर काहीसुद्धा दिसत नाही. घरच्यांना हे पचायला जड गेलं, नणंद म्हणाली इतक्या पैशात आत टाइल्स, फर्निचर सगळं झालं असतं. पण मला आजही वाटतं की हाच पैसा खरा लागी लागला.

मग परत थांबलो. २०२४ चा पूर्ण पावसाळा आत काही न करता काढला. जुलैत पाऊस असा कोसळत होता की शाळांना सुट्ट्या, आणि मी रोज टॉर्च घेऊन खाली. परड्यात पाइपाच्या तोंडातून पाण्याची मनगटाएवढी धार चालू होती, सतत, पाऊस थांबला तरी दोन-दोन दिवस. ते सगळं पाणी आधी आमच्या भिंतीत मुरत होतं. जुन्या पेन्सिलच्या रेघांशी ताडून बघितलं, डाव्या कोपऱ्यात बुडाशी वीतभर दमट, बाकी भिंत कोरडी. जुनी भिंत सुकायला वेळ घेते, तेवढी ओल राहणारच असं इंजिनिअर म्हणाले.

आतलं काम नोव्हेंबरला धरलं, कारण आधी गणपती, मग माणसं भाताच्या सुगीला गावाकडं. उंची मिळावी म्हणून जमीन १४ इंच खाली घेतली, पायाच्या बुडाच्या बरीच वर राहूनच. वाळवीचं औषध मारलं, मुरूम दाबला, दगडी सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद भिंतीवर वीतभर चढवून, मग चार इंच पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट. हा कागद विसरायचा नाही, खालून येणारी ओल तोच अडवतो. टाइल्स लावून झाल्यावर उंची २.५२ मीटर भरली. जमिनीला ७२ हजार, टाइल्सला ३४. भिंतींचं जुनं सिमेंटचं प्लास्टर पूर्ण खरवडलं, लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, कोरड्या ब्रशनंच झाडला. पाण्यानं धुतला तर क्षार परत आत जातात. आणि महिनाभर भिंती तशाच उघड्या सुकत ठेवल्या. वर चुन्याचा गिलावा केला, ४६ हजार. चुन्यातून भिंतीची उरलीसुरली ओल बाहेर पडते. पीओपी आणि ऑइलपेंट दोन्ही तळघरात नकोच, आत ओल कोंडली की पोपडे धरून पडतात. चुन्याचं काम येणारा माणूस शोधायलाच वेळ गेला, शेवटी शहापुरात जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणारे एक मिळाले.

परड्याकडं खिडकी मोठी केली आणि दार काढलं. चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडताना आधी जॅक लावून वर आरसीसी लिंटल, म्हणजे दारा-खिडकीवरची आडवी तुळई, टाकायचा, तो पक्का झाल्यावरच खालचे चिरे काढायचे. ग्रिल उद्यमबागेत करून घेतली, आतून उघडणारी, अडचणीत बाहेर पडता यावं म्हणून. सगळं ६४ हजार. जुना जिना शिडीसारखा उभा होता, तो काढून सात इंची पायऱ्यांचा केला, एका बाजूला कठडा, ३८ हजार. वायरिंग सगळं वरून खाली आणलं, सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) वेगळी, २९ हजार. गॅस सिलिंडर आम्ही कायमचा वर आणला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालच्या खोलीतच साचून राहतो. ज्यांच्या तळघरात आज सिलिंडर आहे त्यांनी बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच.

राहिलं दुसरं दुखणं, हवेतल्या पाण्याचं. लोक म्हणतात खिडक्या उघड्या ठेवा, पण आपल्याकडं जुलैत बाहेरचीच हवा पाण्यानं भरलेली, ती गार खोलीत शिरली की भिंतीवर, कपड्यांवर दमटपणा धरतो. माझ्या कामात कापडाला बुरशीचा ठिपका म्हणजे गिऱ्हाईक गेलं. म्हणून जून ते सप्टेंबर खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, चालू, १७,५०० चा घेतला. हवेतली ओल मोजायला एक छोटं हायग्रोमीटर पण ठेवलंय, ते पाचशेच्या आतबाहेर मिळतं. ६० टक्क्यांच्या खाली काटा ठेवायचा. यंदा जुलैत डीह्युमिडिफायर बंद असताना ८८ दाखवत होतं, दिवसाला आठ तास चालवलं की ५८-५९. पाण्याची टाकी भरली की बादलीत ओतायची, सुरुवातीला रोज तीन लिटरच्या वर निघायचं. ऑक्टोबर लागला की उलट, खिडक्या सताड उघड्या.

याचं लाइट बिल धरून चला. डीह्युमिडिफायर २५० वॅटचा, म्हणजे आठ तासांचे दोन युनिट, महिन्याला ६०. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत आपली जुनी सरासरी अधिक १० टक्के एवढेच युनिट माफ, त्याच्या वरचे भरावे लागतात आणि २०० ओलांडले की पूर्ण बिल येतं. आम्ही पावसाळ्यात २०० च्या जवळ जातो, म्हणून गिझरची वेळ कमी केली आणि इस्त्री एकदम सगळे कपडे काढून करते. जुलैत १९४ वर थांबलं.

इंजिनिअरची फी २२ हजार, सरकारी फी आणि किरकोळ धरून सगळं पावणेपाच लाखांच्या आसपास गेलं. माझी भिशी, मिस्टरांच्या सोसायटीचं कर्ज, आणि थोडे आईंनी दिले. वाढलेला वापर एप्रिल २०२५ ला घरपट्टीच्या सेल्फ असेसमेंटमध्ये दाखवून टाकला, एप्रिलमध्ये भरलं की ५ टक्के सूट मिळते, आणि त्याच कागदांवर ई-खाता, म्हणजे ऑनलाइन खाता उतारा, पण करून घेतला.

शिवणमशीन आणि टेबल फेब्रुवारीतच खाली गेलं. लेक परड्याकडच्या खिडकीशी बसते, मी दाराजवळ, मामंजी दुपारी कठडा धरून सावकाश खाली येतात आणि पेपर वाचतात. डाव्या कोपऱ्यात यंदा ऑगस्टात चार बोटं ओल दिसली, तिथं कपाट लावलेलं नाही, आणि बाकीची कपाटंसुद्धा भिंतीपासून तीन-चार इंच सोडून ठेवलीत. दरवर्षी मेच्या शेवटी पाइपाच्या तोंडाची जाळी काढून आतला पालापाचोळा काढायचा आणि वरच्या टोकाला ठेवलेल्या उभ्या पाइपातून दोन बादल्या पाणी सोडून बघायचं. मागून लगेच धार आली तर लाइन मोकळी आहे.